हात न उचलता

नियम एकच, मी सांगितलं.
पेन्सिल कागदावर टेकली की उचलायची नाही,
चित्र संपेपर्यंत.
शिंक आली तर?
आली तर आली. शिंकही येईल चित्रात.

शाळेत मुलं सात.
फेरो बेटांच्या नकाशावर आमचं गाव म्हणजे टिंब,
तेही छापताना कधी कधी राहून जातं.
तीन वाजताच काळोख, खाडीवर धुकं, फेरी आजही रद्द.
सात डोकी वाकली. सात रेघा निघाल्या,
शिदोरी न घेता घराबाहेर पडावं तशा.

बार्दुरनं मेंढी घेतली, सोपी वाटली म्हणून.
लोकर म्हणजे काय, वेटोळ्यात वेटोळं.
गरगरत आत आत गेला आणि थांबला.
पाय काढायचे राहिले होते.
"मार्युन, मी मेंढीच्या पोटात अडकलोय."
मग ये बाहेर.
"लोकर तुडवत?"
तुडवत. मेंढीला विचार आणि ये.
त्यानं खरंच विचारलं, कागदाला कान लावून.

सुन्वा आणि हाल्गिर एकमेकांचे चेहरे काढत होते.
एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जायचं
तर नाकावरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही.
"तुझ्या नाकावर पूल बांधला मी," सुन्वा म्हणाली.
हाल्गिरनं डाव्या हातानं नाक चाचपलं.
उजवा कामात होता.

राण्वाचं घर पाच मिनिटांत उभं राहिलं.
गवताचं छप्पर, धुराडं, दाराला कडीसुद्धा.
मग तिला बाबांची बोट हवी होती,
आणि बोट पार पलीकडे, जशी असते.
"उचलू का? फक्त एवढ्या अंतरापुरता?"

नियम मीच केला होता, अर्ध्या तासापूर्वी,
कॉफी ढवळता ढवळता.
मी नाही म्हणाले.

तेव्हा तिनं समुद्र काढला.
सगळा, उंबऱ्यापासून.
लाट, लाट, लाट, मग एक मोठी
(तिच्या वेळी जीभ बाहेर आली होती),
मग पुन्हा बारक्या, एकीच्या पाठीला एक.
कागद संपला तशी टेबलावर उतरली,
टेबलावरून शेजारच्या टेबलावर.
योग्वाननं आपली वही मुकाट्यानं सरकवली.
बाबा ग्रीनलंडकडे जाऊन सहा आठवडे झालेत.
ती लाटा मोजत नव्हती. मी मोजत होते,
आणि माझाच आकडा चुकला.
शेवटी खुर्चीच्या पाठीवर बोट आली,
अंगठ्याएवढी, थोडी कललेली.
"पोहोचले," राण्वा म्हणाली.
कोण, ते की ती, मी विचारलं नाही.

घंटा झाली. हातमोज्यांची शोधाशोध झाली.
एइलिफ मागे रेंगाळला.
त्याचा दीपस्तंभ सरळसोट, सगळ्यांत सुबक.
"माझी रेघ तुटलीये," म्हणाला हळूच.
कुठे?
"इथे, वरच्या खिडकीपाशी. हात उचलला,
लगेच टेकवला, त्याच जागी. कुणाला दिसणार नाही."
मी चष्मा लावून पाहिलं. खरंच दिसत नव्हतं.
"पण आहे तिथे."
हो, मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?
तो टोपी कानांवर ओढून गेला, बराच हलका होऊन.

आमचा डोंगर सगळा काळ्या दगडाचा.
काळ्या दगडावरची रेघ इथे पाण्याची असते,
कड्यावरून खाली उतरते,
आणि वारा फिरला की उलटी वर चढते.
ही तर साधी पेन्सिलीची.
स्पंज भिजवून आणला.
सांडलेलं दूध पुसलं, खोडरबराचा भुगा पुसला,
लाटांपाशी आले
आणि त्यांच्या कडेकडेनं पुसत गेले,
किनाऱ्यानं चालल्यासारखी.

सकाळी ओलुवा झाडायला येते, तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली:
टेबल तीन, टेबल चार, एक खुर्ची,
पुसू नयेत.
खाली सही केली, एका दमात, एका रेघेत.
नावातल्या टिंबासाठी तेवढा
हात उचलावा लागला.